एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

सात बायकांचा एक बचत गट आहे असे समजा. वर्षअखेर पेटीत व्याजाचे हजार रुपये जमले आणि ते सातजणींत सारखे वाटायचे ठरले. हिशोब लिहिणारी बाई कागद-पेन्सिल घेऊन बसते. सात एके सात, तीन उरले. सात चोक अठ्ठावीस, दोन उरले. सात दुणे चौदा, सहा उरले. म्हणजे प्रत्येकीला १४२ रुपये. उरलेल्या सहा रुपयांचे पैसे केले की आणखी ८५ पैसे प्रत्येकीच्या वाट्याला येतात. एवढे वाटून झाले तरी पेटीत पाच पैसे राहतातच. पाच पैशांचे नाणे २०११ सालीच चलनातून गेले. तेव्हा बाई ते ‘किरकोळ’ म्हणून लिहिते आणि वही मिटते.

बाईचे काही चुकले नाही. व्यवहारात एवढेच करायचे असते, आम्ही कचेरीतही तेच करतो. पण वाचकहो, ती वही मिटली तिथेच आजचा आपला विषय सुरू होतो. आणखी एकच पायरी पुढे गेलो असतो तर? उरलेल्या पाचावर शून्य घेतले की पन्नास. सात साते एकोणपन्नास, उरला एक. आणि हा एक म्हणजे ज्याच्यापासून आपण निघालो तोच एक. त्याच्यावर शून्य घेतले की पुन्हा दहा, पुन्हा सात एके सात, पुन्हा तीन उरले. भागाकार कधी संपतच नाही. १, ४, २, ८, ५, ७ हे सहा आकडे त्याच क्रमाने येत राहतात. कागद संपेल, पेन्सिल संपेल, ते संपणार नाहीत.

या सहा आकड्यांची मिळून एक संख्या करा : १,४२,८५७. आता घरातल्या मुलामुलींना जवळ बसवा आणि तिला ओळीने गुणायला सांगा. मोबाईलवर करू नका, पहिल्यांदा तरी हाताने करा.

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

नीट पाहा. सहाही उत्तरांत तेच सहा आकडे आहेत. नवा एकही आला नाही, जुना एकही गेला नाही, आणि एकामागे एक येण्याचा क्रमसुद्धा मोडला नाही. फक्त सुरुवात बदलली. आता सातने गुणा. उत्तर येते ९९९९९९. सहाच्या सहा नऊ!

हा चौकोन आणखीही काही दाखवतो. कुठलीही आडवी ओळ घ्या, आकड्यांची बेरीज २७. कुठलीही उभी ओळ घ्या, बेरीज २७. असा चौकोन तांब्याच्या पत्र्यावर कोरून, लाल धाग्यात ओवून कोणी दारावर लावायला दिला, तर पैसे देऊन घेणारे लोक आजही मिळतील. गाडीच्या नंबराची बेरीज नऊ यावी म्हणून जादा पैसे मोजणारे आपल्या ओळखीत नाहीत काय? विकणारा मात्र एक गोष्ट सांगणार नाही. याच चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजले, तर एका बाजूने ३१ येतात आणि दुसऱ्या बाजूने २३. जे जुळते तेवढेच दाखवायचे आणि जे जुळत नाही त्यावर बोट ठेवायचे, हा त्या धंद्याचा नियम आहे.

पण फसवणूक उघडी करणे हे अर्धेच काम झाले. आडव्या-उभ्या ओळी खरोखरच जुळतात, त्याचे काय? त्याला कारण आहे, आणि ते समजायला सातचा पाढा पुरतो.

आपण भागाकार केला तेव्हा वर आलेल्या आकड्यांकडे पाहत होतो. आता खाली काय उरत गेले ते पाहा : १, मग ३, मग २, मग ६, मग ४, मग ५, आणि पुन्हा १. सातने भागल्यावर बाकी उरून उरणार किती? शून्य उरली तर भागाकार संपला. नाहीतर १ ते ६ यांपैकीच काहीतरी उरणार. सात उरले तर आणखी एकदा भाग गेला असता. म्हणजे शक्य असलेल्या बाक्याच मुळी सहा. आणि इथे त्या सहाही एकेकदा हजेरी लावतात, कोणी गैरहजर नाही, कोणी दोनदा नाही. एकदा १ परत आला की पुढचे सारे तसेच घडणार, दुसरे काही घडायला जागाच नाही.

जत्रेतला आकाशपाळणा डोळ्यांसमोर आणा. त्याला सहा पाळणे आहेत आणि त्यांच्यावर ओळीने १, ४, २, ८, ५, ७ असे आकडे लिहिले आहेत. एक भागिले सात करताना आपण पहिल्या पाळण्यात बसतो. दोन भागिले सात करायचे असेल तर सुरुवातच बाकी २ पासून होते, म्हणजे आपण त्याच आकाशपाळण्याच्या दुसऱ्या पाळण्यात चढलो. पाळणा तोच, फिरायची दिशा तीच. म्हणून आकडे येतात २, ८, ५, ७, १, ४. आणि दोन सप्तमांश ही एक सप्तमांशाची दुप्पट आहे, म्हणून १४२८५७ ची दुप्पट २८५७१४ आलीच पाहिजे. तीन, चार, पाच, सहा यांचेही असेच. सहा बाक्या, चढायच्या सहा जागा, सहा उत्तरे. प्रत्येक उभ्या ओळीत सहाही आकडे एकेकदा येतात, म्हणून तिथेही २७. यात तांब्याच्या पत्र्याचे काय काम?

याच आकाशपाळण्यात समोरासमोरचे पाळणे पाहा. १ च्या समोर ८, ४ च्या समोर ५, २ च्या समोर ७. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ. म्हणून संख्या मधोमध तोडून १४२ आणि ८५७ मिळवले की ९९९ होतात. इथेही कारण बाक्यांतच आहे. समोरासमोरच्या बाक्या १ आणि ६, ३ आणि ४, २ आणि ५ अशा आहेत. प्रत्येक जोडीची बेरीज सात, म्हणजे दोघांचे मिळून एक पूर्ण, काही शिल्लक नाही. फ्रान्समधील मिडी नावाच्या गणितज्ञाने १८३६ साली हे सर्वसाधारण नियमाच्या स्वरूपात मांडले. आज तो नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो.

आता सातच्या पटीकडे पुन्हा येऊ. ७ × १४२८५७ = ९९९९९९, म्हणजे दहा लाखाला एक कमी. हे ‘एक कमी’ फार कामाचे आहे. आठवड्याचे दिवसही सातच, त्यामुळे ही संख्या चक्क दिनदर्शिकेचे काम करते. वर्षाचे दिवस ३६५. गुणा :

१४२८५७ × ३६५ = ५२१४२८०५

मागचे सहा आकडे सोडून पुढे उरले ते तोडा : ५२ आणि १४२८०५. दोन्ही मिळवा. आले १४२८५७! पुढचे ५२ म्हणजे वर्षातले पूर्ण आठवडे, आणि मूळ संख्या जशीच्या तशी परत आली याचा अर्थ एक दिवस शिल्लक. लीप वर्षाच्या ३६६ दिवसांनी गुणले तर ५२२८५६६२ येतात. ५२ आणि २८५६६२ मिळवले की २८५७१४, म्हणजे मूळ संख्येची दुप्पट, म्हणजे दोन दिवस शिल्लक. १ मे, कामगार दिन, २०२५ साली गुरुवारी आला, २०२६ साली शुक्रवारी, २०२७ साली शनिवारी. पण २०२८ साली तो रविवार ओलांडून सोमवारी येणार, कारण मध्ये २०२८ चा २९ फेब्रुवारी आहे. तीस दिवसांच्या महिन्याने गुणून पाहा : ४२८५७१०. चार आठवडे, आणि ४ मिळवल्यावर २८५७१४, म्हणजे वर दोन दिवस. रोजंदारीवर काम करणाऱ्याला हा हिशोब तोंडपाठ असतो, त्याला गुणाकार करावा लागत नाही ही गोष्ट वेगळी.

हे असे का होते? जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. प्रत्येक पूर्ण आठवड्यामागे पुढच्या खात्यात एक दहा लाख जमा होतात आणि मागच्या खात्यात एकाची तूट पडते. ५२ आठवड्यांची तूट ५२. पुढचे ५२ उचलून मागे मिळवले की तूट भरून निघते आणि शिल्लक दिवसांचा खरा आकडा दिसतो. दिवस नेमके सातच्या पटीत असतील तेव्हा मात्र मिळवल्यावर सगळे नऊ येतात, आणि पुढचा आकडा आठवड्यांपेक्षा एकाने कमी दिसतो. २८ ने गुणून पाहिले की कळेल.

नऊचा विषय निघाला म्हणून आमच्या धंद्यातली एक गोष्ट. वर्षअखेर तेरीज जुळत नसेल, तर जुना कारकून आधी फरकाला नऊने भाग जातो का ते पाहतो. भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटसुलट पडल्याचा संशय घ्यायचा. ८५७ च्या जागी ८७५ लिहिले तर फरक १८, भाग जातो. आकड्यांच्या जागा बदलल्या तरी त्यांची बेरीज बदलत नाही, आणि नऊने भागल्यावर उरणारी बाकी त्या बेरजेवरच ठरते, म्हणून हे घडते. १,४२,८५७ लाही नऊने भाग जातो, उत्तर १५८७३. हा आकडा मुलांसाठी ठेवून द्या. मुलाला आवडता अंक विचारा, समजा तो म्हणाला चार. सात चोक अठ्ठावीस करा आणि १५८७३ ला २८ ने गुणायला सांगा. उत्तर ४४४४४४ येईल. कारण शोधायला त्याला एक दिवस द्या. लगेच सांगू नका.

आपल्या महाराष्ट्रात एक गृहस्थ जन्मभर अशाच संख्यांच्या मागे लागले होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूचा, कॉलेज शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तराची. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. इथल्या पुष्कळ गणितज्ञांनी त्यांचे काम पोरखेळ समजून बाजूला ठेवले. ६१७४ या संख्येमुळे ते जगाला ठाऊक झाले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

या कापरेकरांनी संख्यांचा एक प्रकार सांगितला. ४५ चा वर्ग २०२५. तो मधे तोडा, २० आणि २५. मिळवले की पुन्हा ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. अशांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. आपली संख्या त्यांच्यातलीच एक आहे :

१४२८५७ × १४२८५७ = २०४०८१२२४४९

मागचे सहा आकडे वेगळे करा : २०४०८ आणि १२२४४९. बेरीज १४२८५७. आता हे दिनदर्शिकेच्या नियमाशी ताडून पाहा. १,४२,८५७ दिवस म्हणजे सुमारे ३९१ वर्षे, म्हणजेच २०४०८ आठवडे आणि वर एक दिवस. पुढे आठवडे दिसले, बेरजेत एक दिवस दिसला. ३६५ ला जे झाले तेच इथे झाले, नवे काही नाही! आकड्यांच्या बेरजेने ज्या संख्येला पूर्ण भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ संख्या म्हटले, हर्ष देणारी. आपल्या संख्येच्या आकड्यांची बेरीज २७, आणि २७ × ५२९१ = १४२८५७. ती हर्षदही ठरली.

आता थोडे कडू बोलतो. शाळेच्या पुस्तकात उदाहरणाखाली लिहिलेले असते, ‘उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत काढा.’ मूल ०.१४ लिहिते, मास्तर बरोबरची खूण करतात आणि पुढचे उदाहरण सुरू होते. सहाव्या घरापर्यंत कोणी जात नाही, त्यामुळे तिथे काय आहे हे कोणाला दिसत नाही. दहावीला गणितात अडकलेली मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना बुद्धी कमी आहे असे मी मानत नाही. त्यांना गणित म्हणजे दुसऱ्याने ठरवलेल्या जागी थांबायचे आणि खूण मिळवायची, एवढेच दाखवले गेले. त्यावर घरातूनही ऐकायला मिळते की आपल्या घराण्यात कोणाला गणित जमले नाही. हे बोलणारी आई भाजीच्या टोपलीवर बसून पावकिलोचे भाव तोंडी सांगत असते! आणि महागडे क्लासवाले याच आकड्यांची ‘ट्रिक’ करून विकतात. ट्रिक पाठ होते, पण ‘का’ हा प्रश्न विचारायची सवय तिथेही लागत नाही.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत हा आकाशपाळणा फळ्यावर काढला, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, “पण काका, सातच का? तेराने का नाही होत?” वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. आम्ही तिलाच फळ्यापाशी बोलावले. एक भागिले तेरा करताना आकडे आले ०, ७, ६, ९, २, ३, आणि बाकी पुन्हा १. बाक्या मात्र बारापैकी सहाच लागल्या. उरलेल्या सहा कुठे गेल्या? तिने दोनापासून सुरुवात केली, तर १, ५, ३, ८, ४, ६ असा निराळाच पाळणा निघाला. तेराचे दोन छोटे पाळणे आहेत, सातचा एकच मोठा. म्हणून तेराची संख्या दोनाने गुणली की आकडे बदलतात.

असा एकच मोठा पाळणा असलेल्या मूळ संख्या, म्हणजे ज्यांना एक आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही त्या संख्या, शंभराच्या आत नऊ आहेत : ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. पण दहाच्या वरच्या कोणत्याही संख्येने एकाला भागले की उत्तर एक दशांशाहून लहान येते, म्हणजे आकड्यांची सुरुवात शून्याने होते. दहाच्या आत सात एकटाच. म्हणून सुरुवातीला शून्य न लागता अशी फिरणारी, एकाहून जास्त आकड्यांची, दुसरी संख्या नाही.

जर्मनीचे गाऊस यांनी १८०१ सालच्या आपल्या ग्रंथात या आवर्ती आकड्यांचा पाया घातला, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. त्यांचे वडील गवंडीकाम, माळीकाम अशी कष्टाची कामे करीत. आई फारशी शिकलेली नव्हती, मुलाच्या जन्माची तारीख तिने लिहून ठेवली नव्हती. तिला एवढेच आठवत होते की तो बुधवार होता आणि एका ख्रिस्ती सणाच्या आठ दिवस आधीचा होता. एवढ्यावरून पुढे मुलानेच हिशोब मांडून आपली तारीख काढली : ३० एप्रिल १७७७. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम शँक्स नावाच्या, शाळा चालवणाऱ्या एका गृहस्थाने हजारो मूळ संख्या घेऊन प्रत्येकीचे आकडे किती घरांनंतर परत येतात त्याची कोष्टके १८७४ च्या सुमारास हाताने तयार केली.

ती कोष्टके कितीही लांब नेली तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. सात-सतरासारख्या या संख्या कुठे तरी संपतात, की त्यांना अंतच नाही? १९२७ साली एमिल आर्टिन यांनी अंदाज बांधला की त्या संपत नाहीत. सारा पुरावा त्याच बाजूचा आहे, पण पक्की सिद्धता आजपर्यंत जगात कोणालाही देता आलेली नाही. त्या सातवीतल्या मुलीला हे सांगितले, तेव्हा तिला आधी खरेच वाटले नाही.

घरी करून पाहायचे असेल तर सतरा घ्या. कागद आडवा धरा, कारण सोळा घरे लागतील. साध्या कॅल्क्युलेटरवर ती मावत नाहीत, म्हणून हातानेच करावे लागेल. बरोबर आले की नाही ते असे ताडून पाहा : पहिले आठ आकडे ०५८८२३५२ आणि पुढचे आठ ९४११७६४७ आले पाहिजेत, आणि दोघांची बेरीज आठ नऊ झाली पाहिजे.